दुसऱ्या बाजूचे आगटेकाका

आगटेकाकांनी पहिल्याच भेटीत, नीट ओळखही व्हायच्या आधी, भरल्या खोलीत माझ्या तोंडून एका थोर माणसाला फाशीची शिक्षा देववली. तो थोर माणूस त्या वेळी माझ्या छातीवर होता.

पुण्याहून युट्रेख्टला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, हेगजवळच्या फोरबर्गला आगटे नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहतात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी ते घरीच, मराठीत, अमेरिकेतल्या थोर माणसांवर बोलतात आणि नंतर त्यांची बायको थालीपीठ देते. मी थालीपिठासाठी गेलो. पण विषयाबद्दल आपल्याला आस्था आहे असं दिसावं म्हणून बॅगेच्या तळातला टी-शर्ट काढून घातला. गुलामांना मुक्त करणाऱ्या त्या उंच, दाढीवाल्या राष्ट्राध्यक्षाचा चेहरा त्यावर छापलेला होता. डोळ्यांत करुणा वगैरे.

काका जेवणाच्या टेबलामागे उभे होते. काटकुळे, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांनी माझ्या छातीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आज दुसऱ्याच माणसावर बोलणार होतो. पण राहू दे."

त्यांची एक पद्धत होती. ज्याच्यावर बोलायचं त्याचं नाव शेवटपर्यंत घ्यायचं नाही. "नाव घेतलं की लोक ऐकायचं थांबतात आणि टाळ्या वाजवायला लागतात. नाहीतर दगड शोधतात," असं ते म्हणत.

"एक माणूस होता," त्यांनी सुरुवात केली. "देशात यादवी चालू होती. या माणसानं लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात डांबायची सोय केली. त्याच्या अमलात विरोधी वर्तमानपत्रांना टाळं लागलं. त्याच्या सहीनं तिथल्या मूळ रहिवाशांपैकी कितीतरी जण एकाच सकाळी, एकाच चौथऱ्यावर फासावर गेले. काळ्या लोकांच्या पुढाऱ्यांना त्यानं घरी बोलावलं आणि सांगितलं, तुम्ही हा देश सोडून दुसरीकडे राहायला गेलात तर दोघांच्याही सोयीचं. ही एक बाजू झाली. बोला, काय करायचं याचं?"

नवा माणूस पहिल्या दिवशी फार हुशार असतो. मी हात वर केला. "फाशी! असल्या माणसाला भर चौकात टांगला पाहिजे."

"नक्की?"

"नक्की. दोनदा."

"मग आधी टी-शर्ट काढा," काका म्हणाले.

खोलीत जे हसू फुटलं ते अजून माझ्या कानात आहे. मग त्यांनी दुसरी बाजू सांगितली. त्याच माणसानं ती सगळी फाशीची प्रकरणं स्वतः वाचून बहुतेकांची शिक्षा रद्द केली होती. कितीही दडपण आलं तरी गुलामांना दिलेला शब्द त्यानं मागे घेतला नाही, आणि शेवटी त्यापायी गोळी खाल्ली. मी लगेच त्याला सोडून द्यायला तयार झालो. काका म्हणाले, "आता उपयोग नाही. टांगून झालाय." थालीपीठ मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून खाल्लं.

काका स्वतः अमेरिकेला कधी गेले नव्हते. तरुणपणी हेगमधल्या एका नकाशे काढणाऱ्या ऑफिसात नोकरीला म्हणून आले आणि इथलेच झाले. त्या वेळी डच येत नव्हतं. जवळच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं एकच कपाट होतं. मायदेशी परतलेल्या कोणा अमेरिकन माणसानं जाताना दिलेलं, सगळी चरित्रंच. काकांनी ते कपाट एका हिवाळ्यात संपवलं आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "तो माणूस माळी असता तर मी आज तुम्हाला ट्यूलिपच्या कांद्यावर व्याख्यान दिलं असतं," असं ते सांगत. "आणि तुम्ही तरीही आला असतात. तुम्हाला थालीपीठ हवंय."

हयात माणसावर ते चुकूनही बोलत नसत. कोणी आजच्या राजकारणाचा विषय काढलाच तर म्हणत, "माणूस पुरता मेलेला पाहिजे. अर्धवट मेलेले निवडणुकीला उभे राहतात." आणि सगळं सांगून झाल्यावर, मग हा चांगला की वाईट, असं कोणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "निकाल देवाला देऊ दे. त्याला दुसरं काम काय आहे?"

एकदा त्यांनी मोटारी बनवणाऱ्या त्या कारखानदाराची गोष्ट सांगितली. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी त्यानं काढली, मजुरांची मजुरी एका झटक्यात दुपटीच्या घरात नेली. ही एक बाजू. दुसरी, स्वतःचं वर्तमानपत्र काढून त्यात आठवड्यामागून आठवडे ज्यूंविरुद्ध विष छापलं. आइंडहोव्हनहून येणारे एक कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारे गृहस्थ चिडून उठले, कारण तो कारखानदार त्यांचा देव होता. त्यांच्या शेजारचा तरुणही चिडून उठला, कारण असल्या माणसाबद्दल चांगलं बोललंच कसं जातं. दोघे एकदमच बाहेर पडले. खिडकीतून त्यांना ट्रामच्या थांब्यावर एकमेकांकडे पाठ करून उभं असलेलं पाहून काका समाधानानं म्हणाले, "दोघंही गेले ना? म्हणजे आज बरं झालं."

इथपर्यंत ठीक होतं. मेलेल्या अमेरिकनांना दुसरी बाजू सांगितली तर ते काही दुखावत नाहीत. पण काकांना तो तराजू खाली ठेवताच येत नसे. मला बढती मिळाली तेव्हा मी पेढे म्हणून इथल्याच दुकानातली मिठाई घेऊन गेलो. काका एक तुकडा खाऊन म्हणाले, "अभिनंदन. ही एक बाजू झाली. तुझ्या आधीचा माणूस ती खुर्ची सोडून का गेला, हे विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं. उन्हाळ्याच्या आत ती अख्खी टीम बंद झाली. माझ्या लग्नाचा फोटो पाहून ते म्हणाले होते, "मुलगी हुशार दिसते. दुसरी बाजू म्हणजे, हुशार असून तिनं हे केलं." बायको त्यावर इतकी खूश झाली की पुढे दर महिन्याला माझ्या आधी तीच तयार होऊन बसायची.

या माणसाबरोबर सुलभाकाकूंनी चाळीसहून जास्त वर्षं काढली होती. मूलबाळ नव्हतं. काकू गोल, ठेंगण्या, तोंडानं फटकळ. दादरच्या बँकेतली चांगली नोकरी सोडून नवऱ्यामागे इथे आल्या आणि मग आयुष्यभर पाहुण्यांना खायला घालत राहिल्या. "मला बघायला आले ना," त्या सांगत, "तेव्हा बाहेर जाऊन आईला म्हणाले, मुलगी सावळी आहे, पण दात चांगले आहेत. ती माझी आजवरची सगळी स्तुती. म्हणून बाई मी दात जपले."

काकूंच्या मनात एकच काटा होता, आणि तो त्यांनी कोणापासून लपवला नव्हता. फार वर्षांपूर्वी सासूबाई एका हिवाळ्यासाठी इथे राहायला आल्या होत्या. त्यांच्या सोन्याच्या बांगड्या हरवल्या आणि त्यांनी सरळ सुनेवर आळ घेतला. काकू रडल्या, भांडल्या, मग नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे."

"तथ्य!" ही गोष्ट सांगताना काकू अजूनही उलथनं तव्यावर आपटायच्या. "वसंतात हीटर हलवला तर त्याच्या मागे बांगड्या! तोवर आई मुंबईला गेल्या होत्या. मी ह्यांना म्हटलं, आता तरी म्हणा, आईचं चुकलं. तर म्हणतात, तुझंही चुकलं, तू हीटरच्या मागे झाडत नव्हतीस."

मी हसलो. ते चुकलंच. काकू हसत नव्हत्या.

त्यांच्या लग्नाच्या एका मोठ्या वाढदिवसाला आम्ही सगळ्यांनी केक आणला आणि काकांना दोन शब्द बोलायचा आग्रह केला. ही कल्पना अर्थात माझी. काका टेबलामागे उभे राहिले, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले आणि म्हणाले, "एक बाई होती." आम्ही टाळ्या वाजवल्या. नोकरी सोडून आलेल्या, परक्या भाषेत भाजी आणलेल्या, शेकडो पोरांची पोटं भरलेल्या त्या बाईची गोष्ट ऐकताना काकूंचा चेहरा मुलीसारखा झाला होता. मग काका म्हणाले, "ही एक बाजू झाली." आणि तशाच आवाजात पुढे गेले. ही बाई सख्ख्या बहिणीशी वर्षानुवर्षं बोललेली नाही. मिठाबद्दल डॉक्टरशी खोटं बोलते. इतकी वर्षं सायकलींच्या देशात राहून तिला सायकल येत नाही आणि दोष ती सायकलीला देते. स्वयंपाकघरात रडायचं असलं की नळ सोडते, नवऱ्याला कळू नये म्हणून. पाण्याचं बिल मात्र त्याला कळतं.

सायकलीपर्यंत लोक हसले. नळाला कोणी हसलं नाही. सर्वांत मोठ्यानं हसल्या त्या काकूच, आणि केक कापायची सुरी आणायला म्हणून आत गेल्या. सुरी टेबलावरच होती.

मी मागोमाग गेलो. काकू नळ न सोडता उभ्या होत्या. म्हणाल्या, "मिलिंदा, ह्या माणसानं जगातल्या प्रत्येक चोराची बाजू घेतली असेल. एकदा, फक्त एकदा, माझी घ्यावी. खोटी का होईना. मी मरायच्या आधी मला ती ऐकायचीय."

"घेतील हो काकू," मी म्हणालो. कुठल्याही गोष्टीची हमी देणं हा माझा नोकरीतला गुण आहे.

दोन वर्षांनी काकूंच्या पोटात दुखू लागलं. इथल्या घरच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पहिल्या खेपेला पॅरासिटामॉल, दुसऱ्या खेपेला पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. तिसऱ्या खेपेला काकू खुर्चीतून उठू शकल्या नाहीत, तेव्हा इस्पितळाची चिठ्ठी मिळाली. स्वादुपिंडात गाठ होती, आणि तिनं बाहेरही हातपाय पसरले होते.

काकूंचं डच भाजीच्या दुकानापुरतं. डॉक्टर जे बोलतील ते काका त्यांना मराठीत सांगत. एकदा मी त्यांना गाडीनं घेऊन गेलो होतो, तेव्हा ऐकलं. डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलल्या. काका बायकोकडे वळून म्हणाले, "औषधानं गाठ आक्रसू शकते. ही एक बाजू. दुसरी, बहुतेकांची आक्रसत नाही. केस जातील. उलट्या होतील." मला वाटलं, या माणसाच्या थोबाडीत द्यावी. पण गाडीत काकू मागच्या सीटवरून मला म्हणाल्या, "तू असा तोंड पाडून चालवू नकोस. मला ह्यांचं हेच बरं वाटतं. डॉक्टर गोड बोलतात, तू गोड बोलतोस, फोनवर मुंबईचे सगळे गोड बोलतात. मेल्या माणसासारखं वाटतं मला. हे अजून दोन्ही बाजू सांगतायत ना, म्हणजे खटला अजून चालू आहे."

हे वाक्य मी ऐकलं. माझ्या कानांनी. गाडी मीच चालवत होतो. आणि तरी पुढे जे केलं ते केलं.

उन्हाळ्याच्या अखेरीस काकांचा फोन आला, भेटायला ये म्हणून. काकू झोपल्या होत्या. आम्ही कालव्याच्या काठानं चालत गेलो. काका एका बोटीपाशी थांबले. मग म्हणाले, "परवा डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं होतं. औषध थांबवतायत. तिला मीच सांगेन म्हटलंय. दोन दिवस झाले, मी दुसरी बाजू शोधतोय. नाही सापडत."

त्या क्षणी गप्प बसायला हवं होतं. पण मी प्रोजेक्ट मॅनेजर. समोर रिकामी जागा दिसली की मी त्यात उपाय भरतो. मी म्हणालो, "काका, मग आज ते बोलून टाका ना. काकूंना आयुष्यभर जे ऐकायचंय ते. फक्त एक बाजू. दुसरीचं नावच काढू नका."

"पुराव्याशिवाय स्तुती म्हणजे प्रचार," काका म्हणाले, पण सवयीनं. आवाजात दम नव्हता.

"पुरावा तुमच्या घरात झोपलाय," मी म्हणालो. मला हे वाक्य फारच आवडलं. वर मी त्यांना मुद्देही सुचवले. नोकरीचा त्याग, पाहुणचार, स्वभाव. जणू काकूंचं वार्षिक मूल्यमापन होतं.

परतलो तेव्हा काकू जाग्या होत्या. पलंग आता बैठकीच्या खोलीत, खिडकीशी आणला होता. व्याख्यानाच्या खुर्च्या भिंतीला टेकून रचल्या होत्या. काका टेबलामागे गेले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवले.

"अग बाई," काकू म्हणाल्या, "आज शनिवार आहे का? आणि पब्लिक कुठाय?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

"तू काय पब्लिक, तू तर थालीपिठाचा."

"एक बाई होती," काकांनी सुरुवात केली. मी सांगितलेल्या मुद्द्यांपैकी एकही त्यांनी घेतला नाही, हे त्यांचे उपकार. ते म्हणाले, ही बाई घरात नसली की त्या घरातला माणूस दिवे लावायचं विसरायचा. ती हसली की शेजारची डच म्हातारी भिंतीपलीकडे हसायची, काय चाललंय ते न कळता. तो माणूस रोज संध्याकाळी ऑफिसातून निघताना घाई करायचा आणि दारापाशी येऊन उगाच हळू व्हायचा, तिला कळू नये म्हणून. असं ते बोलत राहिले. काकूंचा चेहरा पुन्हा तसाच मुलीसारखा झाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

काका थांबले. काकू वाट पाहत राहिल्या.

"पुढे?" त्या म्हणाल्या.

"एवढंच."

"अहो, दुसरी बाजू?"

"नाही."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. तिथे पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाले?" काकूंनी मला विचारलं.

"काही नाही काकू! काहीच नाही म्हणाले. सगळं छान चाललंय," मी म्हणालो. इतकं वाईट खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो, आणि मी आयटीत आहे.

काकू उशीवर जरा वर सरकल्या. आवाज नेहमीचा. "अहो, असे काय उभे राहिलात? मीठ. मी मीठ खायचे, डॉक्टरला खोटं सांगून."

"जेवणाला चव नको का माणसाच्या?" काका म्हणाले.

"बहिणीशी बोलले नाही इतकी वर्षं."

"तीच आधी टाकून बोलली होती."

"सायकल आली नाही मला."

"सायकलीची उंची चुकीची होती. मी चुकीची आणली होती."

प्रत्येक उत्तराबरोबर काकू पांढऱ्या पडत होत्या. मागितलेलं सगळं मिळत होतं, एकामागून एक, आणि त्या हात जोडल्यासारखं करत होत्या, पुरे म्हणून. तरी राहवलं नाही.

"बांगड्या?"

"आईचं चुकलं," काका म्हणाले. "तुझं काही नव्हतं. तेव्हाही नव्हतं."

मग काकू अगदी हळू म्हणाल्या, "मग तेव्हा का नाही म्हणालात?"

सगळ्या जगाची बाजू मांडणाऱ्या त्या माणसाला स्वतःची मांडता येईना. ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. तशाच मला म्हणाल्या, "मिलिंदा, तू घरी जा बाबा. आणि पुन्हा कुणाचं भलं करायला जाऊ नकोस."

काकू त्यानंतर दोन आठवडे होत्या. त्या दिवसांत काकांनी त्यांचा हात धरून, पाय चेपून, डोक्यावरून हात फिरवून पुष्कळ गोड सांगितलं म्हणे. शेजारच्या डच म्हातारीनं मला सांगितलं, तुमची बाई शेवटी शेवटी नवऱ्याला बोलूच देत नव्हती, त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

व्याख्यानं बंद झाली. लोक मला विचारत राहिले, आणि मी, अर्थात, पुढच्या वसंतात काकांकडे गेलो. घर स्वच्छ होतं. हीटरच्या मागेसुद्धा. मी म्हणालो, "काका, पुन्हा सुरू करू या. कुणावर बोलाल? ते आपलं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावाले राहिलेत ना, सगळी माणसं समान म्हणून लिहिणारे आणि घरी गुलाम ठेवणारे. मी खुर्च्या लावतो."

काकांनी माझ्यासमोर कॉफी ठेवली, इथल्या रिवाजाप्रमाणे सोबत एकच बिस्किट. म्हणाले, "त्या कामाला तटस्थ माणूस लागतो रे. मी आता एका पक्षात गेलोय."

मला वाटलं, आता काहीतरी सांत्वनाचं बोलावं. "चांगलंच आहे की काका. उशिरा का होईना."

"हो," ते म्हणाले. "गेलो तेव्हा पक्षात दोघं होतो."

आणि बिस्किट माझ्याकडे सरकवलं. मी ते खाल्लं. दोन हिवाळ्यांनी काकाही गेले. अंत्यविधीला आम्ही बरेच जण होतो. आइंडहोव्हनचे ते गृहस्थही आले होते, रुसून गेलेला तो तरुणही. बोलायला कोण उठतो म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसलो.